बुधवारचा जन्म आणि बँकॉकचा हिरवा खडा

आमच्या पतसंस्थेत सोनेतारण कर्जासाठी दागिना आला की सराफ आधी त्यातल्या खड्यांचं वजन वजा करतो. माणिक असो की पुष्कराज, कर्जाच्या हिशेबात खड्याची किंमत शून्य. समोरच्या बाईचा चेहरा पडतो, आणि मग "ताई, भाव सोन्याला असतो, खड्याला नाही" हे तिला ऐकवायचं काम माझं. बावीस वर्षं ऐकवतेय. तीच मी पन्नासाव्या वाढदिवसाला बँकॉकमध्ये एका खड्यापायी २८ हजार बाट मोजून आले. आपले ६४ हजारांच्या वर.

तारीख १० जुलै २०२४, बुधवार. माझा जन्मही बुधवारचाच. पन्नासाव्या वाढदिवसाला तारीख आणि वार पुन्हा जुळले म्हणून आमचे हे दोन दिवस आधीपासून खुशीत होते. तेव्हा व्हिसाची कटकट नव्हती, पावसाळ्यामुळे तिकिटं स्वस्त. सकाळी चाओ फ्राया नदीतून नारिंगी झेंड्याच्या बोटीने ता चांग धक्क्यावर उतरलो आणि राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालायला लागलो. दहा वाजले असतील. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिकडून गाणं म्हणतेय, हे इकडून स्पीकर मोठा करतायत, आणि मी भर रस्त्यात लाजतेय. फोन ठेवला तर शेजारी एक गृहस्थ हसत उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात घडीचा नकाशा. "हॅपी बर्थडे, मॅडम!"

पुढचं सगळं त्या तीन शब्दांवर झालं. त्याने आम्हाला शोधलं नाही, आम्हीच त्याला बातमी पुरवली.

राजवाडा एक वाजेपर्यंत बंद आहे, आत भिक्षूंची प्रार्थना चालू आहे, असं त्याने सांगितलं. समोरून माणसं आत जाताना दिसत होती. "ते थाई लोक, त्यांना सोडतात," हेही त्याच्याकडे तयार. मग त्याने विचारलं, "जन्म कोणत्या वारी?" आता हे परदेशी माणसाने विचारलेलं ऐकून मी विरघळलेच हो. आपल्याकडेही आजी हेच विचारायची. बुधवार म्हटल्यावर तो म्हणाला, बुधवारचा रंग हिरवा, बुधवारचा बुद्ध हातात भिक्षापात्र घेऊन उभा असतो, आणि नेमकी तशीच मोठी मूर्ती जवळ आहे. वाढदिवसाला तिचं दर्शन म्हणजे फारच शुभ.

यातलं काहीही खोटं नव्हतं, ही यातली गंमत. थायलंडमध्ये खरंच प्रत्येक वाराचा रंग असतो आणि प्रत्येक वाराची बुद्धमूर्ती. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी. देवळांत या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, आपापल्या वाराच्या मूर्तीपुढे लोक नाणी टाकतात. खोटं होतं ते फक्त पहिलं वाक्य, राजवाडा बंद असल्याचं.

त्याने नकाशावर बॉलपेनने तीन गोल काढले. मोठा बुद्ध, एक "सरकारी रत्नकेंद्र" आणि परत राजवाडा. हात केला तर टुकटुक हजर. तिन्ही ठिकाणांचे मिळून ४० बाट. नव्वदेक रुपयांत दोन तास फिरवणारा रिक्षावाला आपल्या गावात भेटला असता तर मी उलट पावली घरी गेले असते. पण परगावात माणूस स्वस्ताईचं कारण विचारत नाही, नशीब म्हणतो.

वाट इंथारविहान नावाचं ते देऊळ. वाट म्हणजे तिकडे देऊळ किंवा मठ. आमची लागली ती वेगळी. ३२ मीटर उंच सोनेरी बुद्ध उभा, हातात खरोखर भिक्षापात्र. पायाशी उभं राहिलं की त्याच्या पायाची बोटंच आपल्या डोळ्यांसमोर येतात. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. बाकावर एक सुटाबुटातला थाई माणूस बसला होता. त्याने आपणहून गप्पा काढल्या: परदेशात नोकरी, वर्षातून एकदा येतो, खडे घेतो, तिकडे विकतो, तिकिटाचा खर्च सुटतो. सरकारी करमाफीचा आज शेवटचा दिवस. एकाच गोष्टीचे दोन अनोळखी साक्षीदार मिळाले की आपण ती खरी धरतो. दोघे एकाच टोळीचे असतील हे डोक्यात येत नाही. आमचा टुकटुकवाला त्या वेळी फाटकापाशी फोनवर बोलत होता. ते मी पाहिलं होतं, अर्थ कळला संध्याकाळी.

कारण दुकानात शिरलो तर काचेच्या टेबलावर छोटा हिरवा केक, वर एक मेणबत्ती. काउंटरवरच्या तिन्ही मुली टाळ्या वाजवत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे म्हणाले, "बघ, अनोळखी देशात किती जिव्हाळा!" तोच केक, त्याच कागदी वाटीत, रात्री हॉटेलच्या कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन दुकानाच्या फ्रिजमध्ये दिसला.

केक तोंडात असताना माणूस घासाघीस करत नाही. त्यांचा मालक, मवाळ बोलणारा, पन्नाशीचाच, मखमली तबक घेऊन बसला. आधी लाल खडे दाखवले. मीच म्हटलं, बुधवारचा जन्म, बुधाचा खडा पाचू. (आईने लहानपणापासून डोक्यात भरलेलं. घातला कधीच नव्हता.) त्याने मान हलवली. पाचू इथला नाही, शिवाय ठिसूळ. आमच्या चांथाबुरी प्रांतातला हिरवा नीलम घ्या, रंग तोच, टणक दुप्पट. चिमट्याने खडा उचलून त्याने खालून टॉर्च धरली. काळपट बाटलीसारखा तो दगड एका क्षणात तळ्यासारखा हिरवा झाला. टॉर्च बंद केली की पुन्हा काळपट. मी टॉर्च चालू असतानाचा खडा विकत घेतला.

तळहाताएवढं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर शिक्का दुकानाचाच. पावतीवर बारीक अक्षरांत छापलेलं: पैसे परत नाहीत, फक्त बदली. आमच्या कर्जदारांना "सही करण्याआधी वाचा" म्हणून मी ओरडते. इथे कार्डाचा पिनही मीच दाबला.

राजवाड्याच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. शिपाई म्हणाला, तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते. आणि सकाळी? साडेआठपासून उघडंच होतं की. त्याने ज्या सुरात सांगितलं त्यावरून कळलं, रोज किमान दहा जणांना सांगत असावा. भिंतीवरच्या भोंग्यातून सतत इंग्रजीत चाललेली घोषणा तेव्हा कुठे नीट ऐकली: राजवाडा चालू आहे, बाहेरच्या माणसांवर विश्वास ठेवू नका. सकाळी लेकीच्या गाण्यात ती आम्हाला ऐकूच आली नव्हती.

नाशकात आल्यावर आमच्याच पतसंस्थेच्या सराफाकडे अंगठीला खडा टाकला. त्याने भिंग लावलं, बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मॅडम, खडा खरा आहे." मला हायसं वाटलं. "पण भाव खोटा आहे. गडद आहे, रंग सुधारायला भाजलेला आहे, इथे बारा हजारांना कोणी दिला असता." हीच या फसवणुकीची खुबी. काच विकली असती तर तक्रारीला धार होती. खरा दगड पाचपट किमतीला विकणं म्हणजे नुसता व्यापार. बँकेनेही हात वर केले. पिन तुमचा, सही तुमची.

दुसरा धक्का सराफाने जाता जाता दिला. नीलम आणि पाचूचा काही संबंध नाही. नीलम म्हणजे कुरुंद, माणकाचा सख्खा भाऊ. पाचू वेगळ्याच घराण्यातला. हिरवा असला तरी नीलम तो नीलमच, आणि आपल्याकडे नीलम म्हणजे शनी. बुधाला प्रसन्न करायला गेले आणि ६४ हजार देऊन शनी घरी आणला. सासूबाईंनी त्या दिवसापासून अंगठी देवघराच्या खोलीत आणू दिलेली नाही.

तिकडे जाणाऱ्यांना सांगते. राजवाडा उघडा आहे की बंद, हे फक्त तिकीट खिडकीवर विचारा. राजघराण्याचा समारंभ असला तर कधी बंद असतो, पण तेही तिथलाच माणूस सांगेल, फुटपाथवरचा नाही. थायलंड सरकार दुकान मांडून पर्यटकांना खडे विकत नाही, करमाफीचा शेवटचा दिवस वगैरे काही नसतं. टुकटुक जवळजवळ फुकटात फिरवतो कारण प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्याला दुकानातून पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं. खडा घ्यायचाच असेल तर जीआयटी या तिथल्या रत्नसंस्थेचा तपासणी अहवाल मागा. दुकानाच्या कागदावर भागवू नका. फसलात तर तिथे असतानाच ११५५ या पर्यटक पोलिसांच्या नंबरवर फोन करा. घरी येऊन केलेल्या फोनचा काय उपयोग होतो ते मी करून पाहिलंय. आणि वाढदिवस आहे हे रस्त्यात जाहीर करू नका. तुम्ही आनंदात आहात एवढं कळलं की समोरच्याचं अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ५०० बाटांचं तिकीट काढून आत गेलो. पाचूचा बुद्ध पाहिला. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, उंच सिंहासनावर, वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे वस्त्रं बदलतात. नाव पाचूचा, पण तो पाचूचा नाहीच. दुसऱ्याच हिरव्या दगडातून कोरलाय. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आता बोलू नकोस काही."

त्या वाढदिवसाचा माझा एकच चांगला फोटो आहे. दुकानातला, केक कापतानाचा. लेकीने तो मोठा करून फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला, तेव्हा आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो, किती प्रसन्न दिसतेयस गं. मागे काउंटरवर मखमली तबक स्पष्ट दिसतं.