दाणेदार इनसोल आणि फोमचा पॅड : दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

तोल सुधारायला म्हणून मुलानं दिवाळीच्या सुमारास दोन वस्तू ऑनलाइन मागवून दिल्या. एक, चपला-बुटात घालायचे दाणेदार इनसोल. दुसरी, वर उभं राहायचा निळा फोमचा पॅड. आता श्रावण लागलाय. पॅड रोज वापरते, इनसोल माळ्यावर गेलेत. दोन्हींवर ‘तळपायाच्या नसा जाग्या करा, पडणं टाळा’ अशीच जाहिरात असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वय 68, मधुमेह जुना. गेली काही वर्षं कापसावरून चालल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा दुहेरी काटा) टेकवला आणि म्हणाले, थरथर थांबली की सांगा. मी ‘थांबली’ म्हटलं तेव्हा त्यांच्या हातातल्या फोर्कची थरथर चालूच होती, त्यांनी तो माझ्या मनगटाला लावून दाखवला. मग 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टोचून झाला, बी-12 तपासून झालं (मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांनी हे विचारून घ्याच). निदान न्यूरोपॅथीचं, म्हणजे पायाच्या नसा क्षीण झाल्यात.

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यांच्या संवेदना. माझी तिसरी बातमी अर्धवट येते, त्यामुळे सगळी भिस्त डोळ्यांवर. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पुढे झुकायचे, हात आपोआप नळाकडे जायचा. फिजिओ म्हणाली, ही जुनी ओळखीची खूण आहे. 19व्या शतकातल्या रोंबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावानं डोळे मिटून उभं करायची चाचणी आजही करतात.

आधी इनसोल. विक्रेते ज्या संशोधनाचा हवाला देतात ते खरं आहे, पण ते या वस्तूचं नाही. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनच्या जेम्स कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी थरथरणाऱ्या इनसोलचा प्रयोग छापला होता. 15 तरुण, 12 वृद्ध. थरथर इतकी हलकी ठेवलेली की पायाला ती कळतच नाही. पण तिच्यामुळे तळव्याच्या बाकीच्या क्षीण संवेदना मेंदूपर्यंत पोचायला मदत होते. उभं असताना शरीराचं डुलणं कमी झालं, वृद्धांचं जास्त. माझ्या इनसोलात ना मोटार, ना बॅटरी. नुसते रबराचे दाणे.

पहिले काही दिवस बरं वाटलं, खोटं का बोला. बूट घालून बागेत फिरताना जमीन स्पष्ट लागायची. पुढे सवय झाली आणि दाणे आहेत हेही विसरायला झालं. पण खरी गोची वेगळीच. आपल्याकडे चपला दाराबाहेर! इनसोल चपलेत, चप्पल रॅकवर आणि मी घरात अनवाणी, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर. आमच्या पिढीतल्या बायकांचं पडणं कुठे होतं? न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, रात्री संडासला उठताना, ओट्याखाली पाणी सांडलं की. तिथे या इनसोलचा काडीचा उपयोग नाही. घरातल्या स्लिपरमध्ये घालून पाहिले, तर स्लिपर घट्ट होऊन टाच बाहेर. जुन्या घरातली शहाबादी फरशी पायाला यापेक्षा जास्त सांगत होती.

आणि धोका. एका संध्याकाळी यांना माझ्या टाचेजवळ लाल चट्टा दिसला. मला काहीच कळलं नव्हतं, कळणार कसं, तीच तर व्याधी. डॉक्टरांनी इनसोल बंदच केले. न्यूरोपॅथी असलेल्या पायाला टोचणारी वस्तू म्हणजे जखमेला आमंत्रण. जत्रेत आणि प्रदर्शनात मिळणाऱ्या काटेरी अ‍ॅक्युप्रेशर चपलाही यातच आल्या. पाकिटावर ‘मधुमेहींसाठी उपयुक्त’ छापलेलं असलं तरी.

आता पॅड. मऊ फोमवर पायाकडून येणारी बातमी आणखी धूसर होते, मग मेंदूला आतल्या कानाकडे लक्ष देणं भाग पडतं. म्हणजे माझ्या बाबतीत हा नसा जाग्या करायचा नाही, दुसऱ्याला कामाला लावायचा धडा. फिजिओनं तो ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायला लावला: समोर ओटा, मागे जड खुर्ची, आणि डोळे मिटायचे तेव्हा घरात कुणीतरी हवंच.

तिची एक युक्ती मला फार आवडली. ओट्यावर माझा कणीक मोजायचा डिजिटल काटा ठेवला आणि त्यावर तर्जनी टेकवायला सांगितली. आकडा 100 ग्रॅमच्या खाली राहिला पाहिजे. एवढ्याशा दाबानं आधार मिळत नाही, पण डुलणं लगेच कमी होतं! बोटाच्या टोकाला आपण कुठे कलतोय ते कळतं आणि शरीर स्वतःला सावरतं. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी अमेरिकेत 1994 मध्ये हे मोजून छापलंय. माझं बोट शाबूत आहे, पाय नाही. मग बोटाकडून काम घ्यावं. सुरुवातीला आकडा भसकन 400च्या पुढे जायचा, कारण मी रेलत होते. आता 60-70वर राहतो. रात्री पॅसेजमधून जाताना भिंतीला बोट लावून जाते, भिंत धरत नाही. यांना वाटलं मी धूळ बघतेय.

फरक? सपाट जमिनीवर एका पायावर जेमतेम उभी राहायचे, आता बऱ्यापैकी टिकते. तोंड धुताना अजूनही एक बोट टाइलला लागतं, पण झुकत नाही. तळपायाची संवेदना मात्र काडीभर वाढलेली नाही, ट्यूनिंग फोर्कची गत तीच. शिवाय सगळं श्रेय पॅडचं नाही. फिजिओ न्यूझीलंडच्या ओटागो पद्धतीचे व्यायामही करून घेते, म्हणजे घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, गुडघ्यातून वाकणं, टाचेला चवडा लावून चालणं. पडणं कमी करण्यात त्या व्यायामांचा पुरावा कुठल्याही इनसोलपेक्षा भक्कम आहे.

पॅडच्या तक्रारी: पहिले दोन आठवडे रबराचा उग्र वास. ओल्या फरशीवर सरकतो, खाली योगा मॅट घालावी लागते. मधोमध थोडा दबलाय. आणि वापरून झाला की उचलून भिंतीला उभा करा, नाहीतर त्यालाच अडखळायचं. नातू आला की तो कपाटावर जातो.

इनसोलला एक तारा, तोही बागेतल्या त्या दिवसांसाठी. पॅडला चार. घ्यायचा असेल तर साधारण 6 सेंमी जाडीचा घ्या, आणि आधी एकदा फिजिओसमोर उभं राहून बघा. चक्कर येत असेल किंवा पायाला जखम असेल तर तोवर थांबा.