शब्दकोशाचं अ‍ॅप: तीन स्टार, त्यातला एक रेंजशिवाय चालतं म्हणून

आमच्या मोर्शीकडच्या गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून पोरीनं हे ऑफलाइन इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं अ‍ॅप टाकून दिलं. फुकट आहे. जाहिराती मात्र लय, बाप्पा!

संत्र्याच्या विम्याच्या कागदात 'कॉन्सेक्युटिव्ह डेज' होतं. अ‍ॅपनं अर्थ दिला 'क्रमवार'. एवढ्यावर माणसानं काय समजावं? खूप खाली गेल्यावर 'लागोपाठचे, एकामागून एक' सापडलं. तेच वर पाहिजे होतं. उदाहरणं बरी आहेत: ७, ८, ९ हे कॉन्सेक्युटिव्ह आकडे, २, ४, ६ हे कॉन्सेक्युटिव्ह सम आकडे. 'कंटिन्युअस'शी फरक मात्र कुठंच नाही, आणि घोळ तिथंच होतो. तीन दिवस कंटिन्युअस पाऊस म्हणजे झड, उसंतच नाही. तीन कॉन्सेक्युटिव्ह दिवस पाऊस म्हणजे रोज आला, मधे ऊन पडलं तरी चालतं. पण एक दिवस कोरडा गेला की मोजणी पुन्हा एकपासून.

पोरीला मी क्रिकेटवरून सांगितलं. १९८७ च्या वर्ल्डकपमध्ये नागपुरात चेतन शर्मानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर न्यूझीलंडच्या तिघांच्या दांड्या उडवल्या. विदर्भानं रणजीही २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ जिंकली. असं काही टाका ना अ‍ॅपमध्ये!

उच्चार ऐकायचं बटण झकास. जोर 'सेक'वर येतो हे त्यानंच कळलं. पैसेवाली आवृत्ती घ्यायची गरज नाही.