नारळ उभा राहिला, दोन्ही बोअर कोरडे गेले

पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवतो म्हणणाऱ्याच्या, नादाने आमच्या घरचे 1,22,100 रुपये जमिनीत गेले. एक बोअर 320 फूट, दुसरा 450 फूट, दोन्हींतून नुसता फुफाटा. जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे आणि फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठलाय, हे ज्याने भोगलंय तो मला अंधश्रद्धाळू म्हणणार नाही. झाडं सुकायला लागली की शिकलेलेही पाणाड्या बोलावतात, फक्त कुणाला सांगत नाहीत.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. तळहातावर आडवा नारळ, अनवाणी फेरी, एका जागी नारळ ताडकन उभा. "अडीच इंच पाणी, 280 फुटांवर." दक्षिणा 5,100, आगाऊ. बोअरच्या गाडीचा एजंटही त्यानेच फोन करून बोलावला. 100 रुपये फुटाने 32,000, चाळीस फूट केसिंग पाइपचे 16,000. मग जागेला दोष निघाला, शांतीचे 7,500. दुसऱ्या बोअरला 110 चा दर, 49,500, वर केसिंगचे 12,000.

खरं तर पहिल्या दिवशीच सगळं उघड झालं होतं. पुतण्या पाणाड्याला म्हणाला, "अप्पा, डोळ्यांना उपरणं बांधतो, अजून एक फेरी मारा. नारळ त्याच जागी उभा राहिला तर आजच गाडी लावू." अप्पांचा चेहरा उतरला. "विद्येची परीक्षा घेतली की विद्या जाते. दादा, पोराला आवरा." वडिलांनी त्याला गप्प केलं. मी काय करणार होतो? दारी आलेल्या वयस्कर माणसाशी वडिलांदेखत वाद घालायचा? पण तो क्षण डोक्यातून जात नाही. दोन मिनिटांचं काम होतं. 280 फूट खालचं पाणी दिसणाऱ्याला उपरण्याची भीती कशाला?

जर्मनीत कासेलला 1990 साली अशीच परीक्षा झाली होती. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पाइप, त्यातून पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच ओळखायचं. 30 पाणाडे उतरले, परीक्षेच्या अटी त्यांनी आधी मान्य केल्या होत्या. निकाल अंदाजपंचे सांगितल्याइतकाच. आडव्या नारळाचा तोल बोटं जराशी हलली तरी जातो, आणि काहींना आपण बोटं हलवली हे खरंच कळत नाही. आमच्या अप्पांना कळत होतं. फुटामागे पाणाड्याचं कमिशन असतं, हे गाडीवरच्या पोरानेच नंतर सांगितलं.

"त्याचे इतके बोअर लागले" हे मला ऐकवू नका. आपल्या काळ्या पाषाणात भेगा आणि झिजलेले थर जागोजागी आहेत, पाणी बऱ्याच ठिकाणी थोडंफार लागतंच. कोरडे गेलेले कोण मोजतं? भूवैज्ञानिकाकडून जमिनीची विद्युत चाचणी करून घ्या. तिचीही हमी नसते, पण तो नसलेला दोष काढून शांतीचे पैसे मागत नाही. हातात अँटेना धरून "जर्मन मशीन" म्हणणारेही फिरतायत, तेही पाणाडेच.

आता पोलिसांचं ऐका. "राजीखुशीने पैसे दिले ना, मग फसवणूक कसली?" मी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा दाखवला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्याच्या अनुसूचीत आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. उत्तर काय, तर "करणी, भानामती आहे का? नाही ना?" याच कायद्याने नेमलेले दक्षता अधिकारी कायम मीटिंगमध्ये. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. दुसऱ्या कचेरीतला साहेब तर माझ्यावरच उलटला: बोअर 60 मीटरच्या खाली नेलात, कारवाई तुमच्यावरच होईल! मग तालुक्यात रात्रंदिवस धडधडणाऱ्या तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या यांना दिसत नाहीत? ज्याचं बुडालं त्याला दम, ज्याने बुडवलं तो दुसऱ्या गावात नारळ घेऊन हजर.

रोख देऊ नका. रॉड आणि केसिंग स्वतः उभं राहून मोजा. पाणाड्याने आणलेली गाडी लावूच नका. डोळे बांधायला नकार दिला की चहा पाजून वाटेला लावा, घरातलं मोठं माणूस रागावलं तरी चालेल.

अर्ज आता थेट पोलीस अधीक्षकांकडे देतोय. आमच्या भागात ज्यांचे बोअर याच पाणाड्या-एजंटच्या जोडीने कोरडे घातले, त्यांनी एजंटच्या पावत्या फेकू नका, मला त्या अर्जाला जोडायच्या आहेत.