घोड्याच्या जिभेला लावायचा ऑक्सिमीटर, दीड वर्ष वापरून

तीन स्टार देतेय, त्यातला एक नुसता क्लिपसाठी.

आधी सांगते मी कोण, कारण हे यंत्र घेणारे आपल्याकडे किती जण असणार. ठाण्यात मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस आहे माझी, म्हशी जास्त, घोडे वरातीच्या हिशोबाने. सीझनच्या बऱ्याच आधी दोनचार घोडे खस्सी करायला असतात, कारण बेंजो सुरू झाला की नर पुढच्या बग्गीच्या घोडीकडे बघून उधळतो आणि वर नवरदेव बसलेला असतो फेटा सांभाळत. हे सगळं तबेल्यात, जमिनीवर, इंजेक्शनच्या भुलीवर. इतकी वर्षं गालाखालच्या नाडीवर बोट आणि हिरड्यांच्या रंगावर डोळा एवढ्यावरच निभावलं, पण हिरड्या निळसर दिसेपर्यंत ऑक्सिजन फारच खाली गेलेला असतो म्हणून शेवटी १८ हजार घातले.

त्याआधी कोविडमधला बोटाचा ऑक्सिमीटर लावून बघितला होता, हसू नका. घोड्याच्या जिभेवर त्याचं तोंडच उघडत नाही आणि ओठाला लावला तर ओठ काळा, प्रकाश आरपार जाईना. ह्याची क्लिप मात्र रुंद आहे, जिभेच्या कडेला नीट बसते, स्प्रिंग नको तेवढी कडक नाही. तरी दर थोड्या वेळाने जागा बदलायची, कारण दाबाने तिथलं रक्त मागे सरतं आणि आकडा उगाच खाली येतो. जीभ सुकली तरी तेच. मी ओला गॉज टाकून ठेवते, त्याने ऊनही अडतं, उन्हात सेन्सर गंडतो हे मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

आता खरी गोष्ट. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या आत एक तबेला आहे (घोडबंदर नाव घोड्यांच्या बंदरावरून आलं म्हणतात, आता तिथे घोडा कमी आणि ट्रॅफिक जास्त), तिथे गेल्या वर्षी एक पाच वर्षांचा, अंदाजे साडेतीनशे किलोचा घोडा खस्सी करायला घेतला. कुशीवर झोपवला तेव्हा आकडा ९२. मग सईसाने उजेड नीट पडावा म्हणून पाय ओढून त्याला जवळजवळ उताणा केला, मी टाके बांधण्यात, आणि बघता बघता ९०, ८८, ८६. पहिला विचार क्लिप सरकली. क्लिप हलवली, जीभ ओली केली, तरी ८६च. मग यंत्रावरचे ठोके आणि माझ्या बोटाखालची नाडी जुळवून बघितली, दोन्हीकडे ३४. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. मी ओरडले, "मामा, कुशीवर घ्या त्याला, आधी कुशीवर!" आणि नाकातली ऑक्सिजनची नळी चालू केली, पाचेक मिनिटांत ९३.

असं का होतं ते सांगते, कारण मालक दरवेळी विचारतात, डॉक्टर औषध जास्त झालं का. औषधाने श्वास थोडा मंदावतो हे खरं, पण मोठा घोळ वजनाचा आहे. घोड्याचा छाती-पोटामधला पडदा तिरका असतो, उभा असताना फुप्फुसाचा बराच भाग आतड्यांच्या वर पसरलेला असतो. उताणा केला की ती सगळी आतडी फुप्फुसावर येऊन बसतात, खालचा भाग मिटतो, तिथे हवा पोचत नाही पण रक्त फिरतच राहतं आणि ऑक्सिजन न घेताच परत येतं. म्हणूनच नुसता सिलेंडर उघडून दरवेळी भागत नाही, मिटलेल्या भागात तो जाणार कुठून? कुशीवर पण खालचं फुप्फुस दबतंच, त्यातल्या त्यात बरं इतकंच. कॉलिकच्या (पोटदुखीच्या) केसमध्ये आतडी फुगलेली असतात, तिथे तर विचारूच नका.

आणि भूल म्हणजे घोड्याला तशीही चेष्टा नाही. २००२ साली छापून आलेल्या ४० हजारांहून जास्त घोड्यांच्या पाहणीत भूल दिलेल्या दर शंभरांत जवळपास दोन घोडे सात दिवसांच्या आत गेले होते, कॉलिक वगळलं तरी शंभरात एकाच्या आसपास. त्यात ऑक्सिजन हे एकच कारण नाही, पण मी रिस्क का घेऊ?

ह्या यंत्रावर कुठे विसंबू नये तेही सांगते. गॅसच्या भुलीवर, जिथे घोडा जवळपास शुद्ध ऑक्सिजन ओढत असतो, तिथे धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन चारशे-पाचशेच्या घरात हवा (हे ऑक्सिमीटरसारखे टक्के नाहीत, रक्त तपासून कळणारा ऑक्सिजनचा दाब, mmHg मध्ये). इंटर्नशिपला मी गालाच्या धमनीतून काढलेले दोन नमुने बघितले होते, आधी ३१० आणि अर्ध्या-पाऊण तासाने ११०, आणि ऑक्सिमीटर दोन्ही वेळा ९८-९७ दाखवून निवांत. ऑक्सिमीटरचा आकडा ९० ला येतो तेव्हा रक्तातला हा दाब साधारण ६० वर आलेला असतो, म्हणजे यंत्र बोंब मारतं ती उशिरा. तबेल्यात, साध्या हवेवर, ते बरंच लवकर कळवतं, म्हणून माझ्या कामाला चालतं. हॉस्पिटलवाल्यांनी रक्ताची तपासणी सोडून हे घेऊ नये.

बरं, तक्रारी. कंपनीने सेटिंग कुत्र्या-मांजराचं ठेवलंय, ठोके ५० च्या खाली गेले की कोकलतं, घोड्याचे भुलीत ३०-४० असतात त्यामुळे पहिल्या दिवशी सगळा तबेला घाबरला. खालची लिमिट २५ करता येते, पण बॅटरी बदलली की परत ५०. केबल तर सातव्या महिन्यात क्लिपजवळ तुटली, विकणाऱ्याने फोनवर सांगितलं मॅडम मोठ्या जनावराला वापरलंत म्हणून वॉरंटी नाही, अहो बॉक्सवर घोड्याचं चित्र आहे!! शेवटी चार हजारांची नवीन घेतली.

घेणार असाल तर सिलेंडरचा खर्च धरूनच घ्या, नुसता आकडा बघून करणार काय. मी बी टाइप नेते, त्यात दीड हजार लिटर, मिनिटाला १५ लिटरने दीड तास आरामात जातो आणि माझं काम पाऊण तासाचं. नळी नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत मापून तेवढीच आत, आणि घोडा उठायची हालचाल करेपर्यंत तशीच ठेवायची.

स्पेअर केबल ठाण्यात किंवा वाशीला कुणाकडे मिळत असेल तर खाली लिहा, दुसरी पण आता क्लिपजवळ सैल व्हायला लागलीये.