सिमडीजेसन: जेसनची वाचणी झपाट्याने, पण तिच्या अटींवर

सी++ मध्ये शेकडो एमबींच्या जेसन (नाव-किंमत जोड्यांनी डेटा मांडणाऱ्या मजकूर) फायली वाचायच्या असतील, तर सिमडीजेसन ही लायब्ररी आधी लावून पाहावी. जेफ लँगडेल आणि डॅनियल लेमिर यांनी २०१९च्या निबंधात तिचा वेग सेकंदाला गिगाबाइटच्या मापात मांडला, आणि तो फुगवलेला नाही.

वेगाचं मूळ मांडणीत आहे. साधा पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा कोड) अक्षर-अक्षर तपासतो; प्रोसेसरचा ब्रँचचा, म्हणजे पुढे कुठल्या वाटेने जायचं याचा, अंदाज चुकला की दर वेळी बऱ्याच सायकली वाया. इथे ६४ बाइटांचा तुकडा एकदम उचलला जातो. इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या एव्हीएक्स-२ वर ३२ बाइटांची दोन रजिस्टरं (प्रोसेसरमधले कप्पे), एआरएमच्या निऑनवर १६ बाइटांची चार. कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं कुठे आहेत याचे ६४ बिटांचे मास्क बनतात: दर अक्षराला एक बिट, ते चिन्ह असेल तर १, नसेल तर ०. कुठला मजकूर अवतरणाच्या आत आहे, हे ठरवायला अवतरणांच्या मास्कला सगळे बिट १ असलेल्या संख्येने, हातचा न धरता गुणलं जातं. एका गुणाकारात ६४ अक्षरांचा निकाल! ही कल्पना फार देखणी आहे.

बसवणं सोपं: एक हेडर, एक सीपीपी फाइल. ‘-ओ३’ (कंपायलरचं वेगासाठीचं सेटिंग) लावूनच वेग मोजा, डिबग बिल्डचे आकडे निरर्थक. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ती प्रोसेसर ओळखून स्वतःच योग्य आवृत्ती निवडते, त्यामुळे ‘-मार्च=नेटिव्ह’ लावून बायनरी एका मशीनला बांधायची गरज नाही.

बहुतेक चुका मेमरीत होतात. रुंद रजिस्टर मजकुराच्या शेवटापलीकडेही वाचतं, म्हणून बफरमागे ६४ बाइट जास्त हवेत. लायब्ररीची पॅडेड-स्ट्रिंग वापरलीत तर ते आपोआप मिळतात. वाचून मिळालेली स्ट्रिंग-व्ह्यू (मजकुराचा फक्त पत्ता, प्रत नव्हे) पार्सरच्याच बफरकडे बोट दाखवते. त्याच पार्सरवर पुढचा दस्तऐवज घेतला की ती बाद, म्हणून जपायची असेल तर कॉपी करा. दर दस्तऐवजाला नवा पार्सर बनवणाऱ्यांचा फायदा मेमरी मागण्यातच संपतो: एका थ्रेडला एक पार्सर, तोच पुन्हा पुन्हा.

लायब्ररीच्या ऑन-डिमांड पद्धतीत मागाल तेवढंच तपासलं जातं, म्हणजे न वाचलेल्या भागातली चूक तशीच सुटू शकते. बाहेरून आलेला डेटा पूर्ण पडताळायचा असेल तर अख्खा दस्तऐवज आधीच वाचणारी डॉम पद्धत घ्या. थोडी हळू, पण चोख. ऑन-डिमांडमध्ये की (जोड्यांमधली नावं) फाइलमधल्या क्रमानेच मागा, उलटसुलट मागितल्या तर शोध वळसा घालून पुन्हा सुरुवातीपासून होतो.

ओळीगणिक जेसन असलेल्या फायलींना इटरेट-मेनी हे फंक्शन आहे, पण बॅच (एका वेळी घ्यायचा तुकडा) मूळची सुमारे १० लाख बाइटांची. एखादी नोंद त्याहून मोठी निघाली तर एरर येते, आकार हाताने वाढवावा लागतो. एका दस्तऐवजाची मर्यादा ४ जीबी.

चार ओळींच्या कॉन्फिग फाइलसाठी मात्र हा व्याप नको. तिथे न्लोहमानची लायब्ररी जास्त सोयीची, आणि तिच्यात मजकूर बदलताही येतो.