पुढचा ब्रेक मऊ लागतोय: ब्लीडिंग की मास्टर सिलिंडर किट?

दुचाकीच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकू लागला की गॅरेजमध्ये बहुतेकदा आधी नवे पॅड सुचवतात. पॅडचं अस्तर शिल्लक असेल तर ते पैसे वाया. खरी निवड दोन कामांमध्येच असते: ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा फ्लुइडसोबत बाहेर काढणं, किंवा मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी फ्लुइडवर दाब देणारा भाग) मधले सील नव्या किटने बदलणं.

लिव्हर पटपट चार-पाच वेळा दाबा. दर दाबाला कडक होत गेला, तर लाइनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग पुरेल. आता लिव्हर घट्ट दाबून तसाच धरा. बाहेर कुठे गळती नसताना तो हळूहळू आत बुडत गेला, तर मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. अशा वेळी कितीही ब्लीडिंग करा, चार दिवसांत पुन्हा तेच.

ब्लीडिंग स्वस्त, घरीही जमणारं. पारदर्शक नळी, पाना आणि ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं फ्लुइड, बहुधा डॉट ४ दर्जाचं. ते हवेतली ओल शोषतं. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३०° असतो, पाणी मुरल्यावर १५५° पर्यंत येऊ शकतो. घाटात उतरताना ब्रेक तापून फ्लुइड उकळतं आणि ब्रेक अचानक मऊ पडतो, तो बऱ्याचदा यामुळेच. काळपट फ्लुइड दिसलं तर सरळ सगळंच बदला. आणि पेट्रोलच्या टाकीवर सांडू देऊ नका, रंग उठतो.

किट महाग, सर्क्लिप (आतले भाग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढायला वेगळी पक्कड लागते, नंतर ब्लीडिंग करावंच लागतं. सिलिंडरच्या आत ओरखडे असतील तर किटही टिकत नाही, अख्खा सिलिंडर बदला. एबीएसवाली (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेली) गाडी असेल तर मी दोन्ही कामं सर्व्हिस सेंटरलाच देईन.