सिलिकॉनच्या नावाखाली विकलेला साचा

घरी साबण करणाऱ्यांना बारीक नक्षीचे साचे ‘शुद्ध सिलिकॉन’ म्हणून सर्रास विकले जातात. मधाच्या पोळ्यावर बसलेल्या माशीचा असाच एक सहा कप्प्यांचा साचा मी ऑनलाइन मागवला आणि त्यात माझी सरळसरळ फसवणूक झाली. असा साचा घेण्याचा विचार करणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जाहिरातीत साच्याचे नव्हे, तर तयार साबणाचे छायाचित्र होते आणि त्यात माशीच्या पंखांवरच्या शिरासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. प्रत्यक्ष साच्याचे पाकीट फोडताच प्लास्टिकचा उग्र वास आला आणि बोटांना तेलकट चिकटपणा जाणवला. धुतल्यावर वास जाईल, असे विक्रेत्याने कळवले. तो गेला नाही. सुगंधी तेलांचा वास अस्सल सिलिकॉनही धरून ठेवते, त्यामुळे वापरलेल्या साच्याच्या वासावरून काही सिद्ध होत नाही, पण कोऱ्या साच्याला येणाऱ्या अशा वासाकडे काणाडोळा करू नये.

कोल्ड प्रोसेस, म्हणजे साबण बाहेरून न शिजवता करण्याच्या पद्धतीत, मिश्रण साच्यात ओतल्यावरही तेल आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया चालू राहते आणि साबण आपोआप तापतो. जेल अवस्थेत, म्हणजे तापून तो मऊ व अर्धपारदर्शक होतो तेव्हा, त्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकते. अस्सल सिलिकॉन २०० अंशांची उष्णता सहज सोसते. या साच्याचा तळ मात्र साबणाच्या उष्णतेनेच खाली फुगला आणि साबण काढताना पंखांची टोके आतच अडकून तुटली. तक्रार करताच विक्रेत्याने दोष माझ्यावर ढकलला: कॉस्टिक सोड्याचे प्रमाण चुकले असेल, साबण घाईने काढला असेल. या कामात नवा असलेला माणूस अशा उत्तराने गप्प बसतो आणि स्वतःचेच प्रमाण पुन्हा पुन्हा तपासत राहतो, याची मला सर्वाधिक चीड येते. त्याच घाण्यातले उरलेले मिश्रण मी एका जुन्या, साध्या साच्यात ओतले होते. त्या वड्या कडक, सरळ कडांच्या आणि निर्दोष निघाल्या.

त्यानंतर भिंग घेऊन पाहिले तेव्हा खरा प्रकार उघड झाला. सहाही साबणांवर डाव्या पंखाच्या मुळाशी, अगदी एकाच जागी, टाचणीच्या डोक्याएवढा खळगा होता, जो जाहिरातीतल्या साबणावर नव्हता. म्हणजे कोणीतरी मूळ साच्यातून एक साबण काढला होता, त्यात हवेचा बुडबुडा राहिला होता आणि त्याच साबणावरून ही नक्कल ओतली गेली होती. छायाचित्र मात्र मूळ कारागिराच्या कामाचे लावले होते. साबण वाळताना आकसतो, म्हणून अशी नक्कल आकारानेही लहान भरते. एका कप्प्यात १०० मिलिलिटर मावते असा दावा होता. वजनकाट्यावर पाणी भरून पाहिले तर ते जेमतेम ८० ग्रॅम भरले.

साचा कशाचा आहे हे पाहण्यासाठी त्याची कड चिमटीत धरून पिळावी. पिळलेल्या जागी पांढरट रेघ उमटली, तर त्यात स्वस्त भुकटी मिसळली असण्याचा संभव आहे, मात्र फिक्या रंगाच्या साच्यात हे नीट कळत नाही. कडेचा बारीकसा तुकडा कापून, चिमट्यात धरून, उघड्या हवेत जाळला की अधिक खात्री होते: सिलिकॉन सावकाश जळते, पांढरा धूर सोडते आणि मागे पांढरी राख ठेवते. माझ्या साच्याचा तुकडा काळा धूर सोडत वितळला आणि थेंबाथेंबाने गळला.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून रिकाम्या साच्याचे आतल्या बाजूने काढलेले छायाचित्र, साच्याचे वजन आणि साचा कोणत्या पदार्थाचा आहे याची लेखी माहिती मागावी. मी नंतर हीच माहिती मागितली, तेव्हा उत्तरे येणेच थांबले. पुढे ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असे कळवण्यात आले, जणू साबण न ओतताच साच्याचा दोष दिसायला हवा होता. शेवटी, मी नोंदवलेला प्रतिकूल अभिप्राय काढून टाकल्यास निम्मे पैसे परत करण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली. ती मी नाकारली. अभिप्राय कायम आहे आणि खळग्यांची व जळालेल्या तुकड्याची छायाचित्रे मी त्याला जोडली आहेत.